पाव तासाची खुर्ची

लेबलकाका आयुष्यात दोनच गोष्टींना भ्यायचे. एक वाळवी आणि दुसरं वरून आलेलं पत्र. वाळवीला निदान औषध तरी निघालंय. त्या सोमवारी पत्र आलं आणि काकांनी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. मजकूर काही बदलेना. उठावाच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त संग्रहालयाने चार लोकाभिमुख कार्यक्रम घ्यावेत, प्रत्येकाला किमान चाळीस नागरिक हजर असावेत आणि त्यांच्या सह्यांसह अहवाल पाठवावा, असं त्यात होतं. खाली सांस्कृतिक विभागाच्या मॅडमची सही होती आणि सहीच्या खाली हाताने लिहिलेलं 'तातडीचे'.

चाळीस नागरिक! अहो, चाळीस नागरिक एका वेळी बघायचे तर काकांना खिडकीतून खाली वाकून बघावं लागायचं. संग्रहालय म्हणजे नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली, आणि तिच्या बरोबर खाली जन्ममृत्यू नोंदणीची खिडकी. जिना दोघांना एकच. त्यामुळे वर जे कोणी यायचं ते चुकून यायचं. दारातून डोकं आत घालून विचारायचं, "दाखला इथेच मिळतो का हो?" काका म्हणायचे, "नाही, खाली मिळतो. पण आलाच आहात तर..." आणि हे वाक्य पुरं होईपर्यंत माणूस जिन्यात पोचलेला असायचा. बावीस वर्षं काका हे वाक्य म्हणत होते. ते पुरं करायची संधी त्यांना फार थोड्या लोकांनी दिली.

लेबलकाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण चुकीचं ठेवलं असं कोणी म्हणणार नाही. दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी लावायची त्यांना सवय होती. संग्रहालयात ते कामच होतं, पण घरीही साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या बरणीवर 'मीठ', आणि खिडकीच्या कडीवर 'ही आधी'. काकू होत्या तेव्हा एकदा स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "इथे कधी लावताय? म्हणजे पाहुण्यांना कळेल तरी." काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. वाचणारं आता एकच माणूस होतं आणि त्याला सगळं पाठ होतं.

आता उठावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर काका मला क्षमा करणार नाहीत. पंचाहत्तर वर्षांपूर्वी गावावर एक अंमलदार होता. त्याच्या कचेरीत खुर्ची एकच, त्याची. बाकी जो येईल तो उभा. म्हातारा येवो, गरोदर बाई येवो, तासन्‌तास उभं राहायचं. एका दुपारी गावाचं डोकं फिरलं. दोनशे माणसं कचेरीत शिरली, अंमलदार मागच्या दाराने पळाला आणि पुढचे चार दिवस गावावर गावाचंच राज्य होतं. पुढारी कोणी नव्हता. खुर्चीवर कोण बसणार यावरून भांडण नको म्हणून ठरलं, की सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं, घड्याळ लावून पाव तास. बसलेला सांगेल तो हुकूम. नियम दोन होते. पाव तासापेक्षा जास्त कोणी बसायचं नाही, आणि पाळी कोणी चुकवायची नाही. धोबी बसला, सुईण बसली, शाळेचे मास्तर बसले. पाळ्यांची आणि हुकुमांची यादी काचेच्या कपाटात अजून आहे आणि काकांना ती तोंडपाठ आहे. पाचव्या दिवशी फौज आली तेव्हा खुर्चीवर न्हावी बसला होता आणि त्याची चार मिनिटं शिल्लक होती. "बसून केलेला उठाव जगात हा एकच असावा," असं काका दर व्याख्यानात म्हणायचे आणि हशासाठी थोडं थांबायचे. अजून तरी आलेला नव्हता.

तर ती खुर्ची. संग्रहालयातली वस्तू क्रमांक एक. मधोमध चौथऱ्यावर, भोवती जाड दोर, पाठीवर पितळी बिल्ला, समोर पाटी: 'कृपया बसू नये'.

आणि ती खुर्ची खोटी होती.

घाबरू नका, काका चोर नव्हते. झालं ते असं. एकोणीस वर्षांपूर्वी मोठे पाहुणे यायच्या तीन दिवस आधी खऱ्या खुर्चीचा मागचा पाय निखळला. वाळवी! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खुर्ची हातगाडीवर घालून घरी आणली आणि डोक्याला हात लावून बसले. काकू म्हणाल्या, "एवढं काय त्यात? उठावानंतर कचेरीत तशाच खुर्च्या आल्या होत्या, त्यातली माझ्या बाबांनी लिलावात घेतलेली आपली खुर्ची अशीच तर आहे. तीन दिवस ती न्या. सुतार ही दुरुस्त करून देईल, मग बदला." काकांनी पितळी बिल्ला काढून घरच्या खुर्चीवर ठोकला. सुतार म्हणाला, "उद्या देतो." तो उद्या आठ महिन्यांनी उजाडला. तोवर पाहुणे येऊन गेले होते, तपासणी होऊन गेली होती आणि 'वस्तू क्रमांक एक: स्थिती उत्तम' असा शेरा पक्का झाला होता. आता खुर्ची परत बदलायची म्हणजे स्थिती उत्तम असलेल्या खुर्चीचा पाय जोडलेला कसा, हे कोणाला तरी सांगायला लागणार. काका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आणि काकूंना एव्हाना ती खुर्ची आवडली होती. पाठीला बरोबर बसते म्हणायच्या. पुढची सोळा वर्षं गावाचा उठाव काकांच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी होता आणि काकू त्याच्यावर बसून मटार सोलायच्या, पेपर वाचायच्या. वाचताना उजव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या हाताखाली सारखा फिरायचा. "इथे खाली कोणीतरी काहीतरी कोरलंय हो," त्या म्हणायच्या. "मासा असेल. नाहीतर पान." काका म्हणायचे, "बघू कधीतरी." बघायचं राहूनच गेलं.

काकू गेल्यावर तेराव्या नाही तर चौदाव्या दिवशी समोरच्या दारातले मॅनेजर भेटायला आले आणि सरळ त्या खुर्चीवर बसायला गेले. काकांच्या तोंडून "अहो, अहो!" एवढंच निघालं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयातून एक जास्तीची पाटी घरी आली. खुर्चीच्या दोन्ही हातांना सुतळी आणि सुतळीला पाटी: 'कृपया बसू नये'. तेव्हापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. काका स्वतःही नाही. ते समोर स्टुलावर बसून जेवायचे आणि दिवसभरात काय झालं ते खुर्चीला सांगायचे. संग्रहालयात दिवसभर एका खुर्चीसमोर, घरी संध्याकाळी दुसऱ्या. तिसरं कोणी बोलायला होतं असं नाही. मुलगी दूर होती, तिचा फोन दर रविवारी यायचा आणि "जेवलात का, गोळी घेतलीत का" यात संपायचा. काका एकटे होते आणि ते त्यांना माहीत होतं, फक्त त्याची चिठ्ठी लिहून कुठे लावावी हे सुचत नव्हतं.

पहिला कार्यक्रम व्याख्यानाचा. विषय 'उठाव: कारणे आणि परिणाम'. काकांनी शंभर खुर्च्या मांडायला सांगितल्या, शिपायाने चाळीस मांडल्या आणि माणसं आली सहा. त्यात वक्ते, वक्त्यांच्या पत्नी आणि शिपाई धरले आहेत. मॅनेजर आणि मॅनेजरीणबाई पहिल्या रांगेत होते. सहावे गृहस्थ पंखा बघून आले होते. वक्ते कारणांपाशी दीड तास रमले. परिणामांपर्यंत पोचले तेव्हा सहावे गृहस्थ घोरत होते. काकांना रडू यायचं बाकी होतं. सह्या सहाच.

"काका, तुम्ही काळजीच करू नका," शिपाई म्हणाला आणि वही घेऊन खाली गेला. वीस मिनिटांनी एकेचाळीस सह्या घेऊन वर आला.

"अरे, हे लोक कुठून आणलेस?"

"खिडकीपुढे रांग होती. म्हटलं, आधी इथे सही करा."

काकांनी वही चाळली. एकाने स्वतःची सही करून शेजारी बाळाचा अंगठा उठवला होता. जन्मल्यापासून सहाव्या दिवशी व्याख्यानाला हजर! काकांनी तो अंगठा खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. चाळीसच लागणार होत्या, पण त्या अंगठ्याचा त्यांना उगाच आधार वाटला.

दुसरा कार्यक्रम चित्रकलेचा. शाळेने त्रेसष्ट पोरं पाठवली आणि रंगाचं पाणी तीन कपाटांच्या खाली गेलं. बहुतेक सगळ्यांनी उठावाची खुर्ची म्हणून चाकांची, गोल फिरणारी खुर्ची काढली. एका मुलीने मात्र वेगळंच काढलं होतं. मोठ्ठी खुर्ची, भोवती दोर, आणि बाजूला हात मागे बांधून उभा असलेला एक इवलासा म्हातारा. बाकी कागद कोरा. काकांनी विचारलं, "यात उठाव कुठे आहे?" ती म्हणाली, "तो झाला. आता हे आजोबा राहिलेत." परीक्षकांनी तिला नंबर दिला नाही. काकांनी चित्र घरी नेलं, फ्रिजवर लावलं आणि खाली चिठ्ठी लावावी की नाही यावर दोन दिवस विचार करून लावली नाही.

तिसरा कार्यक्रम 'आठवणी सांगा'. याला सांस्कृतिक विभागाच्या मॅडम स्वतः आल्या, म्हणून नगरपालिकेचं सगळं ऑफिस आलं आणि खोली पहिल्यांदा भरली. काका आनंदात होते. पाचजणांनी आठवणी सांगितल्या. पैकी तिघांच्या आठवणी उठावाच्या नंतर जन्मलेल्या होत्या. मग मागून एक आजी उठल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, काटक, हातात काठी. बरोबर त्यांचा मुलगा होता, त्याचं चौकात चष्म्यांचं दुकान. आजींनी आठवणीबिठवणी काही सांगितली नाही. त्या दोरापाशी गेल्या, खुर्चीकडे टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ही ती खुर्ची नव्हे."

खोलीत कोणीतरी खाकरलं.

"मी आठ वर्षांची होते," आजी म्हणाल्या. "बाबांच्या नंतर माझी पाळी होती. मी हुकूम काढला, सगळ्यांनी खाली बसा. सगळे बसले. मला काही सुचेना पुढे, म्हणून मी केसातली पिन काढली आणि उजव्या हाताच्या खाली मासा कोरला. डोळा, कल्ले, खवले, सगळं. बघा ना उलटून."

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि हसून शिपायाला खूण केली. शिपायाने दोर ओलांडून खुर्ची आडवी केली, हाताखाली वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"काही नाही, मॅडम. साफ आहे."

हशा पिकला. बावीस वर्षं काका ज्या हशासाठी थांबत होते तो अखेर त्या खोलीत आला, आणि काकांना वाटलं जमीन दुभंगावी. आजी त्या हशात उभ्याच होत्या. "अहो, पण मी कोरला होता," त्या म्हणाल्या, आधीपेक्षा हळू. मुलगा लगबगीने पुढे आला, त्यांचा दंड धरला आणि मॅडमना म्हणाला, "माफ करा, हल्ली आईच्या लक्षात राहत नाही. घरीसुद्धा गॅसवर, नळावर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात आम्ही." आजींनी मुलाकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. आणि काका, ज्यांना मासा कुठे आहे हे त्या खोलीत एकट्यांनाच माहीत होतं, त्यांनी काय केलं? त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या संध्याकाळी काका स्टुलावर ताट घेऊन बसले. शेवटी ताट बाजूला सारून ते जमिनीवर बसले, मान वाकडी करून खुर्चीच्या उजव्या हाताखाली बघितलं. होता. झिजलेला, पुसट, पण मासाच. सोळा वर्षं काकू सांगत होत्या आणि यांनी आज बघितला.

"काय करू गं?" काकांनी खुर्चीला विचारलं. प्रश्न तसा सरळ होता. गप्प बसलं तर त्या बाईला तिचं डोकं गेलं असं तिचंच घर म्हणणार, आणि हळूहळू तिलाही ते पटणार. खरं बोललं तर नोकरीची शेवटची चार वर्षं बदनामीत जाणार. ते एक वेळ सोसता आलं असतं. पण खरं बोललं की दुसऱ्या दिवशी हातगाडी दाराशी येणार आणि काकूंची खुर्ची दोराच्या आत जाणार. मग या घरात बोलायचं कुणाशी?

रविवारी मॅनेजर चहाला आले. मॅनेजर बँकेतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून नव्हे. काकांनी नाव न घेता सांगितलं, "माझ्या एका मित्राच्या घरी चुकून एक सरकारी वस्तू राहिली आहे."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"तुमचा मित्र गाढव आहे," मॅनेजर म्हणाले आणि सुतळीवरच्या पाटीकडे अगदी निवांत बघत बिस्कीट बुडवलं. "त्याला सांगा, लेखी काही देऊ नको. मी असतो तर वस्तूला वेगळा रंग दिला असता." जाताना दारात थांबून म्हणाले, "हिरवा."

मुलीचा फोन आला तेव्हा काकांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, एवढं काय त्यात."

"मग झालं तर," मुलगी म्हणाली आणि पहिल्यांदाच गोळीचं विचारायला विसरली.

सोमवारी काकांनी कबुलीजबाब लिहिला. चांगला दोन पानी, समास सोडून. तो घेऊन आवक टेबलापाशी गेले. तिथल्या बाईंनी तो वाचला नाही, नुसता वरून बघितला.

"विषय लिहिला नाहीत."

काकांनी विषय लिहिला: 'वस्तू क्रमांक एक खोटी असल्याबाबत'.

"हे कशात घालू? तक्रार आहे, मागणी आहे की रजा?"

"कबुली आहे."

"कबुलीचा रकाना नाही आमच्याकडे. तक्रार म्हणून घेते. तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा अभिप्राय आधी जोडावा लागतो," बाई म्हणाल्या आणि कागद परत केला. काकांनी वर जाऊन स्वतःच्या तक्रारीवर स्वतःचा अभिप्राय लिहिला, 'तक्रारीत तथ्य आहे', आणि परत खाली आले. तोवर बाई जेवायला गेल्या होत्या. तीन वाजता आल्यावर म्हणाल्या, असे कागद विभागप्रमुखांमार्फत यावे लागतात. संग्रहालयाचे विभागप्रमुख लेबलकाकाच होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मुख्य समारंभ शनिवारी होता. नगरपालिकेच्या सभागृहात, पडदा, फुलं, दोन माइक. त्यातला एक चालू. खुर्ची व्यासपीठावर मधोमध ठेवली होती, दोरासकट. काकांनी सकाळीच चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगून ठेवलं होतं, "आईंना घेऊन या, पहिल्या रांगेत जागा ठेवतो." मुलगा ओशाळून म्हणाला, "पुन्हा काही बोलली तर?" काका म्हणाले, "तर बोलू द्या."

कार्यक्रमपत्रिकेत भाषणं सात होती आणि काकांच्या वाट्याला शेवटचं काम होतं, आभारप्रदर्शन. आता आभारप्रदर्शन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जगातलं कुठलंही गुपित सुरक्षित ठेवायचं असेल तर ते आभारप्रदर्शनात सांगावं. "आता आभार..." एवढे शब्द निवेदिकेने उच्चारले मात्र, सभागृह उठलं. मागच्या दारापाशी चहाचे कप वाजायला लागले होते.

काका माइकपुढे उभे राहिले. त्यांनी मॅडमचे आभार मानले, वक्त्यांचे मानले, माइकवाल्याचे मानले. मग खिशातला कागद काढला.

"आणि एक सांगायचंय. ही खुर्ची उठावाची नव्हे. ही माझ्या सासऱ्यांची आहे. खरी खुर्ची एकोणीस वर्षं माझ्या घरी आहे. परवा ज्या आजींना आपण सगळे हसलो त्या खरं बोलत होत्या. मासा आहे. मी पाहिलाय. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, मला लाज वाटते. आजी, मला माफ करा."

खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी कोणालातरी बिस्किटं कुठे आहेत ते ओरडून विचारत होतं. काकांनी मान वर केली. अर्ध्याहून जास्त सभागृह रिकामं झालं होतं आणि उरलेल्यांची पाठ त्यांच्याकडे होती. शिपाई टाळ्या वाजवत होता, पण तो प्रत्येक भाषणाला वाजवायचा. पहिल्या रांगेत मात्र आजी काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शेजारी मुलगा तोंड अर्धवट उघडं ठेवून काकांकडे बघत होता.

मॅडमनी ऐकलं होतं. त्यांना ऐकावं लागलं. त्या व्यासपीठावर होत्या. त्या काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार भावनिक बोललात. पण आता याचं काही करता येणार नाही."

"मी खुर्ची आणून देतो, मॅडम. उद्याच."

"आणि तिला नंबर कुठला देणार? एक नंबर तर भरलेला आहे. शिवाय अहवाल गेला."

"कधी?"

"काल."

"पण कार्यक्रम आज झाला!"

"म्हणून तर कालच पाठवला, उशीर नको," मॅडम म्हणाल्या आणि चहाकडे गेल्या. काका व्यासपीठावर सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी एकटे उरले. खुर्ची वाचली याचा त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाला याचीच पुन्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बेल वाजली. दारात आजी आणि त्यांचा मुलगा. समोरचं दारही बोटभर उघडलं. मॅनेजर हवा खात होते.

"दाखवा," आजी म्हणाल्या.

काका त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले. सुतळीची गाठ तीन वर्षांत घट्ट झाली होती. काकांच्या नखांना ती सुटेना, तेव्हा चष्मेवाल्याने पुढे होऊन सोडवली. पाटी काकांनी ओट्यावर पालथी ठेवली. चष्मेवाला गुडघ्यावर बसला, खिशातून डोळे तपासायची बारीक बॅटरी काढली आणि हाताखाली धरली.

"आई," तो म्हणाला, "मासा आहे."

"आहेच मुळी."

"आई, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर..."

"ऊठ आता, गुडघे धरतील. आणि घरी गेल्यावर गॅसवरची ती चिठ्ठी काढ. गॅसला गॅस म्हणतात, मला माहीत आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मलासुद्धा वाटायला लागलं होतं रे, की खरंच गेलं माझं डोकं."

मग त्यांनी स्वतः वाकून हात घातला, आणि बोटं थांबली. "एवढा गुळगुळीत कसा झाला हा? मी चांगला खोल कोरला होता. खवले सगळे पुसलेत."

"माझी बायको," काका म्हणाले. "पेपर वाचताना अंगठा तिथेच असायचा. सोळा वर्षं."

आजींनी बोटं तिथेच ठेवली. काका म्हणाले, "आलाच आहात तर... बसा ना." ते वाक्य त्यांनी पुरं केलं तेव्हा समोरचं माणूस जिन्यात पोचलेलं नव्हतं.

आजी बसल्या. भिंतीवरचं घड्याळ बघून बसल्या. काकांनी मुलाला स्टूल दिलं, स्वतः ओट्याला टेकून उभे राहिले. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता. आजींनी फ्रिजवरचं चित्र बघितलं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, 'ही आधी' वाचून हसल्या. बरोबर पंधरा मिनिटांनी काठी टेकून उठल्या.

"झाला माझा पाव तास. आता तुम्ही."

"छे छे, मी आपला इथेच बरा."

"पाळी चुकवायची नाही. तुम्हीच सांगता ना व्याख्यानात?"

"तीन वर्षं बसलो नाही, आजी," काका म्हणाले. "बसवतच नाही."

आजींनी काठी जमिनीवर आपटली. तेव्हा त्या आठ वर्षांच्या असताना कशा दिसत असतील ते काकांना स्पष्ट दिसलं. "माझा हुकूम काय होता?"

"सगळ्यांनी खाली बसा," काका म्हणाले. यादी पाठच होती.

"मग?"

काका बसले. सुताराने जोडलेला पाय थोडा करकरला. पाठीला बरोबर बसत होती. उजवा हात हातावर गेला, अंगठा आपोआप खाली वळला आणि काकूंच्या अंगठ्याने झिजवलेल्या जागी जाऊन थांबला. इतके दिवस काका या खुर्चीसमोर बसून बोलले होते. आता बसल्यावर त्यांना बोलायला काही सुचेना. ते रडले. परक्या माणसांसमोर, चष्माही न काढता.

"वेळ झाली की सांगा," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"सांगते," आजी म्हणाल्या आणि मुलाने रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत राहिल्या. पंधरा मिनिटं झाली. सतरा झाली. पंचवीस झाली. चष्मेवाल्याने आईकडे बघितलं तर तिने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पंचाहत्तर वर्षांत उठावाचा नियम घड्याळादेखत पहिल्यांदा मोडत होता, आणि तो आजीच मोडू देत होत्या.